घाट चढून गेलेला माणूस

वडापाव हातात आला की बाई आधी त्याच्याकडे निरखून बघायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, "ह्यातलं काहीच तेव्हा नव्हतं गो. बटाटा नव्हता, मिरची नव्हती, पाव तर नव्हताच." एवढं बोलून झालं की सगळा वडापाव चवीनं संपवायच्या, कागदाला लागलेली चटणी बोटानं पुसून घ्यायच्या आणि वर आणखी एक तळलेली मिरची मागायच्या. गाडीवाला मला हळूच विचारायचा, "तवा म्हंजी कवा?" मी सांगायची, "दोन हजार वर्षांपूर्वी." तो बाईंकडे बघून म्हणायचा, "मंग तवा ह्या काय खायच्या?"

मुरबाडच्या स्टँडवर तुम्ही कधी कल्याणच्या एसटीसाठी ताटकळला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. बुटक्या, सावळ्या, फिक्या सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. सगळा तालुका त्यांना बाई म्हणायचा, कारण अर्ध्या तालुक्याला त्यांनी इतिहास शिकवला होता. मलाही शिकवला. मला त्या मुळीच आवडायच्या नाहीत. सन चुकला की वर्गाबाहेर उभं करायच्या, आणि सनांचं आणि माझं कधी जमलंच नाही.

माझं स्टँडसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, असला माल. रिटायर झाल्यावर एक दिवस बाई आल्या आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "कादंबरी आहे. टाइप करशील?" मी म्हटलं, "केवढी हाय?" तर म्हणाल्या, "सातवाहनांपासून एसटीपर्यंत." मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ज्या बाईनं वर्गात कधी हसून दाखवलं नाही ती दुकानात येऊन काय चेष्टा करणार?

कादंबरी होती नाणेघाटाखालच्या एका घराची. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी राहणारं, बैलांवर मीठ आणि भात लादून घाट चढणारं घराणं. प्रत्येक काळात त्या घरात एक बाई. नाव वेगळं, लुगडं वेगळं, वर बसलेला राजा वेगळा. सातवाहनांच्या काळातली घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला हात लावून येते, यादवांच्या काळातली देवळाच्या दगडांसाठी गाडे जाताना बघते, मराठ्यांच्या काळातली स्वारांच्या घोड्यांना पाणी दाखवते, इंग्रजांच्या काळातलीला कळतं की कल्याणला आगगाडी आली. "आणि मुरबाडला?" मी टाइप करता करता विचारलं. "मुरबाडला अजून कुठं आलीय?" बाई म्हणाल्या, "तेवढा भाग मला तपासावा लागला नाही." हा विनोद होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

तपासणं हा त्यांचा जीव की प्राण. "हे तेव्हा होतं का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या स्वप्नात यायला लागलं. एका यादवकालीन म्हातारीनं अंगणात पेरू खाल्ला होता. बाई दुसऱ्या दिवशी धापा टाकत आल्या, "तो पेरू काढ. पेरू नव्हता." मी पेरू काढला आणि सीताफळ घातलं. म्हणाल्या, "तेही नव्हतं." मग काजू, शेंगदाणे, मका, तंबाखू सगळं निघालं. शेवटी त्या म्हातारीला मी करवंदं खायला दिली तेव्हा कुठं बाईंच्या जिवात जीव आला.

उपमांचं तेच. 'तोफेच्या गोळ्यासारखा सुटला' असं त्यांनीच लिहिलेलं, आणि त्यांनीच खोडायला लावलं. "तोफ यायला अजून अवकाश आहे." पाहुण्यांना चहा दिला होता, तोही काढला. मी वैतागून म्हटलं, "बाई, घाट उतरून माणूस दमून आलाय. त्याला कायतरी द्या तरी." बाई गंभीर झाल्या. आठवडाभर आल्या नाहीत. मग एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या. "गूळ आणि पाणी," त्या म्हणाल्या. "गूळ होता." एका पाहुण्याच्या चहावर आठवडा घालवणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

माझी एकादशीसुद्धा त्यांनी सोडली नाही. मी डब्यातून साबुदाण्याची खिचडी काढली की बाजूच्या स्टुलावर बसून म्हणायच्या, "साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा. सगळं बोटीतून आलेलं. देवाला हा उपास कसा पोचतो कोण जाणे." आणि दोन घास दे म्हणायच्या.

मला राग यायचा आणि त्या आल्या नाहीत की करमायचं नाही. घरी माझा नवरा, सासू, दोन पोरं, भांडायला माणसं भरपूर. पण दुपारी दुकानात जे रिकामपण असतं ते दुकानदारालाच ठाऊक. बाईंच्या घरी तर सकाळ-दुपार-संध्याकाळ तेच. मूलबाळ नाही. घर तहसील कचेरीच्या मागे, आमच्याच आळीत, दोन खोल्यांचं. एकदा मी कागद द्यायला गेले तर आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं पाहुणे आलेत. बाई एकट्याच बसून यादवांच्या काळातल्या नवरा-बायकोचं भांडण मोठ्यानं वाचत होत्या, दोन्ही आवाजांत.

बाईंच्या नवऱ्याचं सांगते आता. ते गावाला माहीत होतं, फक्त त्यांच्यासमोर कोणी बोलायचं नाही. ते कुठल्याशा कचेरीत कारकून होते. शांत माणूस, पान खाणारा. तीसेक वर्षांपूर्वी माळशेज घाटातून वर आळेफाट्याच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाला म्हणून सकाळच्या एसटीनं गेले. लग्नाला पोचले नाहीत. अपघात नाही, भांडण नाही, चिठ्ठी नाही. शोधाशोध झाली. कोणी म्हणालं त्र्यंबकला साधूंच्यात दिसले, कोणी म्हणालं संगमनेरला दुसरं घर केलंय. बाई नोकरीवर जात राहिल्या. मंगळसूत्र तसंच, कुंकू तसंच. कोणी विचारलंच तर एकच शब्द, "बाहेरगावी."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायकांची पंचाईत व्हायची. बोलवावं तर हिचा नवरा आहे की नाही कोणाला माहीत, न बोलवावं तर डोळ्यासमोर राहते. मग अर्ध्या घरून बोलावणं यायचं आणि अर्ध्या घरून नाही. ज्यांच्याकडून यायचं त्यांनाही बाई सांगायच्या, "मला पेपर तपासायचे आहेत." रिटायर झाल्यावरही हेच सांगायच्या. मला त्या बायकांचा असा संताप यायचा की काय सांगू. पण माझ्या सासूनंही बोलावलं नव्हतं, आणि मी तिच्या तोंडाला लागून काय उपयोग.

एकदा आम्ही दोघी टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका ठाकरवाडीत गेलो. मिरची यायच्या आधी जंगलातली माणसं काय खात, हे बाईंना जुन्या बाईकडूनच ऐकायचं होतं. वाडीतली म्हातारी दारात बसली होती. तिनं कंद सांगितले, पहिल्या पावसात उगवणारी शेवळं सांगितली, मोहाची फुलं सांगितली. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग म्हातारीनं विचारलं, "तुजा घरवाला कुटं हाय गो?" "बाहेरगावी," बाई म्हणाल्या. "कवा येनार?" बाईंनी पेन थांबवलं. आमच्या आळीत हा प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. "बघू," त्या म्हणाल्या. म्हातारीनं मान डोलावली, आत गेली आणि कसलासा कंद उकडलेला आणून आमच्या हातावर ठेवला. तो इतका कडू होता की मी मागच्या मागे टाकून दिला. बाईंनी सगळा खाल्ला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी इंग्रजांच्या काळात पोचले होते. नवरा घाटावर गेलेला, पटकीची साथ, गावंच्या गावं ओस पडलेली. मी टाइप करतेय आणि मनात म्हणतेय, आता हा मेला. पान उलटलं, तर आला परत. अशक्त झालेला, दाढी वाढलेली, पण आला. बायकोनं पायावर पाणी घातलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मागचे सगळे भाग उघडून बघितले. सातवाहनांच्या काळात दरडीखाली सापडलेला आला. यादवांच्या काळात लुटारूंनी धरून नेलेला आला. मराठ्यांच्या काळात लढाईत हरवलेला, तोही आला, एका पायानं लंगडत. पेरू नव्हता म्हणून पेरू काढणारी बाई, आणि तिच्या दोन हजार वर्षांत घाट चढून गेलेला एकही माणूस मेला नव्हता.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव. बाई आल्या तशी मी म्हटलं, "बाई, तुमच्या कादंबरीत वर गेलेला प्रत्येक जण परत कसा येतो? एखादा तरी गेलाच असंल ना?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग टेबलावरचे त्या दिवसाचे कागद पिशवीत भरले आणि निघून गेल्या. त्यानंतर किती तरी दिवस आल्या नाहीत. मी बोलले त्याचं मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण बाजूचं स्टूल रिकामं असलं की एकादशीला डब्यात दोन घास खिचडी उरायची.

आल्या त्या थेट कामाचंच बोलत. "तेव्हा माणूस परत आलाच नाही, प्रेतही मिळालं नाही, तर घरचे काय करत? हे विचारायला हवं. चल."

शहापूरजवळ सापगावला एक वयस्क भटजी होते. जीपनं गेलो. भटजींनी पडवीत बसवलं आणि सांगितलं की आधी बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, माणसाएवढा, आणि त्याला अग्नी द्यायचा. दहावं, तेरावं, सगळं रीतसर.

"हे जुनं आहे?" बाईंनी विचारलं.

"फार जुनं."

"यादवांच्या काळात होतं?"

"त्याच्याही आधी होतं."

बाईंनी लिहून घेतलं. मग वर न बघता विचारलं, "आणि पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर?"

भटजी हसले. म्हणाले, "त्याचीही सोय आहे. तो नव्यानं जन्मला असं धरायचं. तुपानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि लग्न लावून द्यायचं."

"कोणाशी?"

"त्याच्याच बायकोशी. आता ह्या वयात दुसरी कुठून आणणार?"

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो होतो. सापगाव सुटलं आणि बाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग उघडउघड. जीपमधली माणसं बघायला लागली. "बारसं गो," त्या म्हणाल्या, "पाळण्यात कसं घालणार त्यांना? पाय बाहेर येतील." कादंबरीतल्या माणसाला बाई नेहमी अरेतुरे करायच्या. हे 'त्यांना' कोणासाठी होतं ते मला कळलं, आणि मीही हसले, काय करणार. मुरबाड येईपर्यंत त्यांचे डोळे पुसून संपले नव्हते.

त्यांनी ते प्रकरण लिहिलं. यादवांच्या काळातलंच घेतलं, लुटारूंनी नेलेल्या माणसाचं. ह्या वेळी तो आला नाही. बारा वर्षांनी त्याची बायको रानात जाऊन पळसाची पानं तोडते आणि पुतळा करते. मी टाइप केलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले. दुसऱ्या सकाळी बाई हजर. मला वाटलं, आता ह्याही रडणार.

"घोटाळा झालाय," त्या म्हणाल्या. "मी फाल्गुन लिहिलाय. फाल्गुनात पळसाला फुलं असतात, पानं नसतात. ती पानं तोडेल कुठून?"

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाई, तिनं पत्रावळी लावायला घरात सुकवून ठेवलेली पानं असतील की. आमच्या आईकडं माळ्यावर गठ्ठे असायचे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिथंच स्टुलावर बसून त्यांनी ते पान नव्यानं लिहिलं. नवरा आला की गावजेवण घालायचं म्हणून त्या बाईनं दर वर्षी पानं गोळा करून ठेवलेली असतात. माळा भरलेला असतो. फाल्गुनात ती ते गठ्ठे खाली उतरवते, आणि पत्रावळींऐवजी त्यांचाच पुतळा करते. अख्ख्या कादंबरीत ते पान सगळ्यांत चांगलं आहे. मला साहित्यातलं काही कळत नाही, पण हे कळतं.

आता उरला होता शेवटचा भाग. एसटीचा. आत्ताचा काळ. बाई तो लिहायला घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या. मी एकदा सरळच म्हटलं, "तुमी पण करा ना ते पुतळ्याचं. मी येते संगती. सापगावच्या भटजींना बोलवू, नदीवर करू, कोणाला कळायचं पण नाय. मोकळ्या व्हाल."

बाईंनी स्टँडकडे मान वळवली. स्टँडवर कुठलीशी गाडी लागली होती आणि माणसं धावत होती. मग म्हणाल्या, "ती बाई तरुण होती गो. तिला दुसऱ्याशी पाट लावून पुढं जायचं होतं. मी मोकळी होऊन कुठं जाऊ?" आणि थोड्या वेळानं, "आता घरात निदान दोघं आहोत. एक जण बाहेरगावी आहे एवढंच. ते केलं तर मी एकटी राहीन."

मी त्यांना चहा मागवला. त्यांनी तो तेव्हा नव्हता असं म्हटलं नाही, मुकाट्यानं प्यायल्या.

शेवटचा भाग झालाच नाही. कादंबरी माझ्या कॉम्प्युटरवर आहे, एसटीच्या अलीकडे थांबलेली. कोणी छापणार असेल तर मी द्यायला तयार आहे, पण मुरबाडला असं कोण येतंय?

बाई गेल्या त्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली, उघडेनात, म्हणून शेजाऱ्यांनी दार ढकललं. झोपेतच गेल्या होत्या. मला निरोप आला तशी मी दुकान तसंच टाकून धावले. कल्याणहून भाचा आला. अंगणात पुरुष जमले, आत बायका. न्हाऊ घालून झालं आणि सगळ्या जणी थांबल्या. एकीच्या हातात हिरवं लुगडं होतं, दुसरीच्या हातात पांढरं. कोणीच पुढं होईना.

"सवाष्ण म्हनायची का काय?" एक म्हातारी कुजबुजली.

"तीस वर्सं झाली. तो काय जिता असंल?"

"पन तेराव्याचं तरी कुटं केलं हिनं?"

"उगा पाप नको लागायला. तसंच ऱ्हाऊ द्या कपाळ."

संक्रांतीला ज्या चालीनं बोलायच्या त्याच चालीनं बोलत होत्या. बाई मधे निजलेल्या, ओले केस, उघडं कपाळ. इतक्या वर्षांत मी त्यांना कुंकवाशिवाय पाहिलं नव्हतं. चेहरा ओळखू येईना. माझं डोकं फिरलं. मी त्या बाईच्या हातातून हिरवं लुगडं ओढून घेतलं आणि म्हटलं, "नवरा बाहेरगावी हाय तिचा. कुंकू आणा. चुडा आणा. ओटी भरायची हाय." माझी सासू कोपऱ्यात उभी होती. ती गेली आणि करंडा घेऊन आली. मी बाईंना कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत, त्या लावायच्या तेवढं. मग एकेक करून सगळ्या पुढं झाल्या. ज्यांनी कधी उंबऱ्याला बोलावलं नव्हतं त्यांनीसुद्धा लावलं. बाईंच्या आयुष्यातलं ते पहिलं हळदीकुंकू, जिथं कोणी गैरहजर नव्हतं.

अंगणात तिरडी बांधून झाली. बाईंना बाहेर आणलं. भाच्यानं मडकं धरलं. आमच्याकडे उचलायच्या आधी एक रीत असते. जाणता माणूस मोठ्यानं विचारतो, लांबचं कोणी रस्त्यात असेल तर थांबायला. त्या दिवशीही आळीतल्या म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं, "अजून कोणी यायचंय का?"

भाच्यानं खाली मान घातली. आतल्या बायका दारात आल्या. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आत्ताच तर मी सांगितलं होतं की तो बाहेरगावी आहे म्हणून.

मी रस्त्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, आळीच्या तोंडापर्यंत. मग म्हटलं, "नाय. कोणी यायचं नाय. उचला."